बागेत नाटक करायचंय? आधी बागेचं वेळापत्रक लिहा

खेड्यातल्या हौशी मंडळाला नाट्यगृह कुठलं मिळायला! शेवटी कुणाच्या तरी मोठ्या बागेत प्रयोग ठरतो. दिग्दर्शक येतो, हाताने हवेत चौकोन काढतो, "इथे स्टेज, इथे प्रेक्षक" म्हणतो आणि संहिता काखोटीला मारून निघून जातो. पुढचं सगळं बॅकस्टेजवाल्यांच्या गळ्यात. मी मंडळाची प्रकाशयोजना आणि मागची व्यवस्था बघते, म्हणून हे लिहितेय. लाइट कुठे, खुर्च्या कुठे, पहिली घंटा कधी, हे ठरवण्याआधी मला एकच कागद लागतो. सूर्यास्ताच्या आधी तासभर आणि नंतर तीन तास या बागेत कोण कुठे असतं, काय करतं, याचं टिपण.

हे टिपण कसं करायचं? बागेत खुर्ची टाकून नुसतं बसायचं. मोबाइल खिशात, वही मांडीवर. वेळ घड्याळाची लिहू नका, सूर्यास्तापासून मोजून लिहा: "मावळल्यावर वीस मिनिटांनी सिकाडा (झाडाच्या खोडाला बसून किरकिरणारा कीटक) गप्प", "चाळीस मिनिटांनी वटवाघळं कौलाखालून बाहेर". प्रयोगाची तारीख पुढे गेली की सूर्यास्त सरकतो आणि घड्याळाची वेळ कुचकामी ठरते. साळुंक्या कुठल्या झाडावर रात्रीला जमतात, पिंगळा, म्हणजे लहान घुबड, कुठल्या ढोलीतून डोकं काढतो, मुंगूस कुंपणाच्या कुठल्या फटीतून जातं, बेडूक कुठे बसतात, सगळं टिपा. एका संध्याकाळी भागत नाही, कारण वारा असला तर चित्र वेगळं, पाऊस पडून गेला असेल तर आणखी वेगळं. हे काम मंडळातल्या सगळ्यात बडबड्या माणसाला देऊ नका.

मग बागेचा एक कच्चा नकाशा काढून त्यावर हे मांडा. स्टेजची जागा आपोआप दिसायला लागते. साळुंक्यांचं झाड प्रेक्षकांच्या डोक्यावर नको. एक तर पहिल्या अंकात त्यांची भांडणं चालू असतात, दुसरं म्हणजे वरून काय पडेल त्याचा भरवसा नाही, आणि तिसरं, त्या झाडावर उजेड पडला की बिचाऱ्या रात्रभर जागा बदलत राहतात. तळं किंवा हौद असेल तर स्टेज काठाला चिकटवू नका. बेडूक पावलांची चाहूल लागताच गप्प बसतात आणि सगळे स्थिरस्थावर झाले की नेमके नायिकेच्या स्वगताच्या वेळी सुरू होतात.

झाडाला हात लावण्याआधी

साफसफाईला उत्साही पोरं येतात आणि "कचरा" काढतात. त्या कचऱ्यात घरटी असतात. शिंजीर, म्हणजे सूर्यपक्ष्याचं घरटं एकदा जवळून बघून ठेवा. बारीक फांदीच्या टोकाला लोंबणारी वीतभर लांबीची पिशवी; कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली; बाहेरून सालीचे तुकडे, सुकी पानं, अळ्यांची विष्ठा चिकटवलेली; खाली एक चिंधीसारखं शेपूट. बाजूला एक भोक आणि त्यावर छज्जासारखी पुढे आलेली कड. ही कड दिसली नाही तर कुणीही ते जळमट समजून काठीने ओढेल. शिंप्याचं घरटं त्याहून फसवं. तो पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडतो, तंतू किंवा कोळिष्टक ओवून पान द्रोणासारखं शिवतो आणि आत कापूस भरतो. बाहेरून ते हिरवं पानच दिसतं, आणि असतं कमरेच्या उंचीवर, नेमकं जिथून विंगेचा, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशाचा, दोर जाणार तिथे.

म्हणून नियम: दोर बांधण्याआधी प्रत्येक झुडूप हाताने नाही, डोळ्यांनी तपासायचं. पक्षी चोचीत किडा घेऊन फांदीवर बसलाय, तुमच्याकडे बघतोय आणि पुढे जात नाही, असं दिसलं तर तुम्ही घरट्याच्या फार जवळ उभे आहात. मागे व्हा. तो लगेच आत जातो आणि घरटं कुठे आहे ते तुम्हाला आयतं कळतं. बुलबुलासारख्या पक्ष्याचं अंडी घालण्यापासून पिल्लं उडण्यापर्यंतचं सगळं प्रकरण साधारण महिन्याभरात उरकतं, तेवढ्यासाठी विंग चार हात सरकवायला काहीच हरकत नसते. नेपथ्यकार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

मोकळ्या, खडीच्या जागेत टिटवी असेल तर मात्र जागाच बदला. ती घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खळग्यात बहुधा चार ठिपकेदार अंडी घालते, आणि ती खड्यांत इतकी मिसळलेली असतात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडतेय म्हणजे तुम्ही चुकीच्या ठिकाणी खुर्च्या मांडताय.

आणि वर बघा. उंच झाडाच्या आडव्या फांदीखाली आग्या मोहोळ असेल, तर त्या झाडाच्या आसपास प्रयोग नाही, चर्चा नाही. आग्या माश्या चांदण्या रात्रीही उडतात, आणि रात्री बिथरल्या तर सरळ दिव्याकडे झेपावतात. दिवा कुठे असतो? स्टेजवर. धूर करून "थोडा वेळ हटवू" म्हणणारा एक जण प्रत्येक गावात असतो. त्याला त्या दिवशी तिकिटं फाडायला बसवा.

लाइट: इथे वेळ द्या

दिव्याभोवती किडे का गोळा होतात? वर्षानुवर्षं लोक सांगत आले की त्यांना तो चंद्र वाटतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी उडणारे कीटक टिपले, तेव्हा वेगळंच दिसलं. ते दिव्याकडे ओढले जात नाहीत, दिव्याकडे पाठ करतात. रात्री जमिनीपेक्षा आकाश उजळ असतं, त्यामुळे उजेडाकडे पाठ केली की "वर" कुठे ते कळतं. अचानक शेजारी दिवा लागला की ही सवयच त्यांचा घात करते: पाठ दिव्याकडे ठेवत ठेवत ते त्याच्याभोवती अडकून घिरट्या घालतात. आणि उजेड खालून वर येत असेल तर उडता उडता उलटे होऊन खाली कोसळतात.

आता हे आपल्या भाषेत. स्टेजच्या कडेला जमिनीवर ठेवून वर तोंड केलेले फूटलाइट बागेत वापरू नका. त्यांच्यावरून जाणारा प्रत्येक पतंग नटाच्या पायाशी येऊन पडणार आणि दुसऱ्या अंकापर्यंत पाटावर सडा. दिवे वर, खांबाला, तोंड खाली. साधारण पंचेचाळीस अंशांत, दोन्ही बाजूंनी तिरके. समोरून सपाट मारलेला लाइट नटाला ओलांडून मागच्या झाडांत घुसतो. बाजूने मारलेला स्टेजवरच संपतो आणि चेहऱ्याला उठावही देतो. दिव्याच्या तोंडावर पत्र्याची टोपी बसवा, पुढे वीतभर आलेली. मागे काळा पडदा हवाच. तो सांडलेला उजेड कुंपणात जाऊ देत नाही, आणि हिरव्या पानांच्या गर्दीपुढे हरवणारा नट काळ्यापुढे उठून दिसतो. पिंगळ्याच्या ढोलीकडे आणि वटवाघळांच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर एकही किरण जाता कामा नये. कौलाखालच्या फटीवर उजेड पडला तर वटवाघळं उशिरा बाहेर पडतात आणि संध्याकाळचा किडे पकडायचा सगळ्यात चांगला वेळ हुकतो.

रंगाचं म्हणाल तर कीटकांना अतिनील, जांभळा आणि निळा उजेड सगळ्यात जास्त दिसतो. तांबूस सगळ्यात कमी. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगछटेचा, आकडा छापलेला असतो. 6500 म्हणजे पांढराफटक, निळसर; तो नको. 2700 किंवा त्याहून खालचा, पिवळसर घ्या. रंग बदलता येणारे एलईडी पार (स्टेजचे झोताचे दिवे) असतील तर निळी वाहिनी शून्यावर ठेवा आणि लाल-हिरव्यातून पिवळा, केशरी उजेड काढा. साधे पांढरे दिवेच असतील तर अंबर जिलेटिन, म्हणजे पिवळसर-केशरी पारदर्शक कागद, लावा. ते निळा भाग गाळून टाकतं. उजेड कमी होतो हे खरं, पण उघड्यावर प्रेक्षकांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड पाव लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास असतो आणि तेवढ्यातही माणूस वाटेवरून चालू शकतो. नाट्यगृहात जितका लागतो तितका उजेड इथे लागत नाही.

इथे दिग्दर्शकाशी हमखास भांडण होतं ते रात्रीच्या प्रवेशावरून. रात्र म्हटली की निळा लाइट, ही आपली जुनी खोड. आणि बागेत निळा लावला की आसपासचे सगळे किडे त्या प्रवेशाला हजर. विरहाचं हळवं वाक्य, आणि नायक तोंडासमोरचं पाखरू हाताने झटकतोय! मी निळ्याऐवजी असं करते: समोरचे सगळे दिवे बंद, एकाच बाजूने एकच अंबर दिवा, डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) वीस टक्क्यांवर. अर्धा चेहरा अंधारात. खरी रात्र भोवती आहेच, ती निळ्या रंगाने दाखवायची गरज नाही. एकदा रंगीत तालमीत दोन्ही प्रकार लागोपाठ दाखवा, दिग्दर्शक स्वतःच निळा बंद करायला सांगेल.

दिवा नटाच्या तोंडाच्या उंचीवर आणि जवळ कधीच नको, कारण किडे दिव्यापाशी असतात, नटापाशी नाहीत. दिवा लांब आणि उंच, की नट सुरक्षित. काही जण "किडे तिकडे जातील" म्हणून लांब एक मोठी ट्यूबलाइट लावतात. मला हे पटत नाही. जे किडे आलेच नसते तेही ती शेजारच्या रानातून गोळा करते.

प्रेक्षकांच्या वाटेला गुडघ्याखाली, खाली तोंड केलेले मंद दिवे. बॅकस्टेजला लाल टॉर्च. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या टॉर्चचा एक झोत ती सगळी मेहनत घालवतो. लाल, मंद उजेडात ते होत नाही. प्रवेश बदलताना डिमर शून्यावर. अंधार झाला की अडकलेले पतंग सुटून जातात.

दोन हंगाम सांभाळा. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून ढगांनी निघतात. त्या दिवशी कितीही अंबर लावा, उपयोग नाही. सगळे दिवे बंद करून वाट बघा, उधाण लवकर ओसरतं. पहिली घंटा तेवढी उशिरा द्या. आणि पावसाच्या तोंडाशी बागेत काजवे दिसत असतील तर प्रयोग दिवसाउजेडी घ्या किंवा तारीख बदला. नर चमकून हाक देतो, मादी चमकून उत्तर देते. आपल्या दिव्यांत तिला त्याची हाकच दिसत नाही. त्यांचे प्रौढ दिवस फार थोडे असतात. नाटक महिन्याने केलं तरी चालतं.

आवाज

बागेत माइक लावायचा की नाही? शंभराच्या आत प्रेक्षक असतील तर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धवर्तुळात बसवा, शेवटची रांग दहा-बारा मीटरच्या आत. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने पडतो. दोन मीटरवरून आठ मीटरवर गेलात की बारा गेले. ते भरून काढायला नटाच्या मागे भिंत असली तर उत्तम. घराची भिंत, विहिरीचं उंच कठडं, काहीही कडक. काळा पडदा त्या भिंतीला चिकटवू नका, तो आवाज पितो. भिंत वापरायची असेल तर पडदा फक्त दोन्ही बाजूंच्या झाडीपुढे. वारा स्टेजकडून प्रेक्षकांकडे वाहील असं तोंड धरा.

सिकाडा तिन्हीसांजेला कानठळ्या बसवतो, त्याच्याशी स्पर्धा करू नका. तो अंधार पडला की बहुतेक वेळा थांबतो. तुमच्या टिपणात ती वेळ आहे. पहिली घंटा त्यानंतरची. रातकिड्यांचं मात्र रात्रभर चालतं, आणि त्यांच्यामुळे होणारी अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच रातकिड्यांचा सूर चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो, आणि आपल्या स, श, च यांचा धारदारपणाही त्याच पट्ट्यात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं बुडतात. नट मोठ्याने ओरडायला लागला की स्वरच मोठे होतात, शब्द तरीही कळत नाही. म्हणून तालमीत ओरडायला नाही, व्यंजन टोचून म्हणायला शिकवा, आणि वाक्याच्या शेवटी खाली पडणारा आवाज वर धरायला. थंडी पडली की रातकिडे सावकाश बोलतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डॉल्बेअर यांनी 1897 मध्ये त्यांच्या किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. हिवाळ्यातला प्रयोग ऐकायला सोपा जातो, हे त्यामुळेही.

रातकिड्यांचा बॅकस्टेजला एक फायदा आहे. विंगेमागच्या गवतातली किरकिर एकदम थांबली, तर तिथे कुणीतरी चाललंय. बहुतेक वेळा चहाला पळालेला नट असतो. तरी लाल टॉर्च मारून बघा.

स्पीकर लावलाच तर एक लक्षात ठेवा: निरभ्र, निवांत संध्याकाळी जमीन आधी थंड होते, वरची हवा ऊबदार राहते आणि आवाज वर न जाता खाली वाकून शेतं ओलांडून लांब जातो. दुपारच्या तालमीत लावलेला आवाज रात्री तसाच ठेवला तर पलीकडच्या वाडीत संवाद पाठ होतात. सूर्यास्तानंतर आवाज कमी करा. फटाके, सुतळी बॉम्ब, धुराची नळकांडी अजिबात नकोत. बंदुकीचा बार हवा असेल तर फळीवर फळी आपटा, पडद्यामागून तो छान वाटतो.

सरपटणारे

घाबरवायचं म्हणून नाही, पण यादीत असायलाच हवं. साप माणसांसाठी येत नाहीत, उंदीर आणि बेडकांसाठी येतात. खाण्याचं सामान आणि खरकटं बागेत ठेवलं नाही की उंदीर नाहीत. बॅकस्टेज लाकडांच्या ढिगाजवळ किंवा दगडी गडग्याला लागून मांडू नका. पाय आपटले की साप पळतो यावर विसंबू नका. घोणस जागची हलत नाही, शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकत बसून राहते. मण्यार रात्रीच फिरते. साप दिसला तर प्रयोग थांबवा, त्याला जायला एक बाजू मोकळी सोडा, आणि तो आडोशाला बसून राहिला तर सर्पमित्राला बोलवा. त्याचा नंबर आणि प्रतिसर्पविष असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा नंबर प्रॉम्प्टरच्या संहितेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा. चावलाच तर अवयव हलू न देता गाडीत घाला. आवळून बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही.

कपड्यांची पेटी जमिनीवर उघडी ठेवू नका, दोरीवर टांगा. मोजड्या, टोप, दाढ्या घालण्याआधी झटका. बॅकस्टेजला एक अतिनील टॉर्च ठेवा: तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो आणि पालापाचोळ्यातही लगेच सापडतो. पोरांना तिचं वेड लागतं, त्यामुळे तपासणीला माणूस शोधावा लागत नाही.

डासांसाठी फवारणी करू नका. डास पुन्हा येतात, बाकीचे कीटक आणि त्यांच्यावर जगणारे सगळे जातात. डास उडण्यात कच्चा असतो. प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना मोठे पंखे लावा आणि येताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालून या असं तिकिटावर छापा. तळ्याचं पाणी झाकायचं नाही, पण रंगाच्या आणि पाण्याच्या बादल्या झाकायच्या, किंवा त्यात एक काठी तिरकी टाकून ठेवायची, म्हणजे पडलेली खार, सरडा चढून बाहेर येतो.

नेपथ्यात नायलॉनची जाळी, थर्माकोलचे मणी, चमकी आणि मांजा नको. जाळीत साप आणि पक्षी अडकतात, बाकीचं मातीतून वेचून निघत नाही. फुलं-पानं कागदाची कापा. ब्रश तळ्यात धुवू नका. झाडाला खिळा नाही. दोर बांधायचा तर खाली गोणपाटाची घडी घालून, आणि खुर्च्यांच्या रांगा जुन्या झाडाच्या सावलीच्या घेराबाहेर, कारण शेकडो पायांनी मुळांवरची माती दगड होते.

रंगीत तालीम दिव्यांसकट एक-दोनदाच करा. बाकी तालमी दुपारी, रोज त्याच वेळेला, त्याच वाटेने येऊन-जाऊन. पक्षी ठरावीक गडबडीला सरावतात. रोज नव्या कोपऱ्यातून उगवणाऱ्या माणसांना नाही.

प्रयोग संपल्यावर आधी दिवे उतरवायची घाई असते. तो क्रम बदला. सगळ्यात आधी खांब उपसलेले खड्डे बुजवा, त्याच रात्री. उघड्या खड्ड्यात भेक आणि पिल्लं पडतात आणि चढून येत नाहीत. मग सतरंज्या गुंडाळण्याआधी उचलून झटका, कारण त्याखाली कुणीतरी ऊब घेत बसलेलं असतंच. दोर सोडा, मोजून घ्या, झाडावर एकही तुकडा राहता कामा नये. काळा पडदा घडी घालताना उलटून बघा. त्यावर बसलेले पतंग हाताने उचलू नका, पडदा हलकेच अंधाराकडे झटका. त्यानंतर दिवे, वायरी आणि सगळ्यात शेवटी खुर्च्या. दुसऱ्या दिवशी उजेडात दोघांनी येऊन टाचण्या, चिकटपट्ट्या आणि खिळे वेचायचे. त्या दोघांत दिग्दर्शक असावा, असा आमच्या मंडळाचा आता ठरावच आहे.